डीएनएच्या आधीचा खुनी

गेले चार दिवस रात्री एकच्या आधी झोप नाहीये, कारण हातात सीरियल किलरवाली कादंबरी आहे. काळ १९८२, इंग्लंडमधलं छोटं गाव. काल इन्स्पेक्टरच्या टेबलावर लॅबचा रिपोर्ट आला आणि त्यात काय, तर फक्त 'रक्तगट ए'. मला अक्षरशः ओरडून सांगावंसं वाटलं की अरे, त्या डागात सगळं आहे, नीट जपून ठेव!

खरं तर शेवट माहीत असला की मजा जाते असं आपण धरून चालतो, पण २०११ मध्ये सॅन दिएगोच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना शेवट आधीच सांगून गोष्टी वाचायला दिल्या, त्यात रहस्यकथाही होत्या, आणि सरासरीने लोकांना त्या जास्तच आवडल्या. मला वाटतं जवळच्या भूतकाळातल्या कादंबरीत असंच काहीसं होतं, खुनी कोण ते माहीत नसतं पण पुढे विज्ञानात काय होणार ते आपल्याला माहीत असतं आणि त्या बिचाऱ्या पोलिसाला नसतं, जीव टांगणीला लागतो तो तिथे.

आणि त्या काळी खरंच एवढंच हातात होतं. साधारण ८० टक्के लोकांच्या लाळेत, वीर्यात रक्तगटाच्या खुणा उतरतात, त्यावरून गट कळायचा, जोडीला एखादं एन्झाइम, म्हणजे शरीरातलं एक प्रथिन, ज्याचे प्रकार माणसागणिक वेगळे असतात. लेस्टरशायरमध्ये १९८३ आणि १९८६ ला दोन शाळकरी मुलींचे खून झाले, तेव्हा या चाचणीत दर दहा पुरुषांतला एक बसत होता. दहातला एक! म्हणजे सगळ्या गावावर संशय.

तिथून काही मैलांवर, लेस्टर विद्यापीठात, १० सप्टेंबर १९८४ च्या सकाळी ॲलेक जेफ्रीज यांनी डेव्हलपिंगच्या टाकीतून एक एक्स-रे फिल्म बाहेर काढली. त्यावर काळे-करडे पट्टे, आजच्या बारकोडसारखे. आपल्या डीएनएत काही तुकडे पुन्हा पुन्हा येतात आणि ते किती वेळा येतात हे माणसागणिक बदलतं. त्या फिल्मवर लॅबमधल्या एका टेक्निशियनचा आणि तिच्या आईवडिलांचा डीएनए होता, मुलीचे पट्टे अर्धे आईचे, अर्धे वडिलांचे, आणि तरी तिघांचे वेगवेगळे. मला हा क्षण कुठल्याही क्लायमॅक्सपेक्षा थरारक वाटतो.

पुढे एका १७ वर्षांच्या मुलाने दुसऱ्या खुनाची कबुली दिली होती, पण डीएनए जुळला नाही, आणि तो सुटला. दोन्ही खून एकाच माणसाचे हेही कळलं. मग पाच हजारांच्या आसपास पुरुषांचे नमुने घेतले, डीएनए चाचणीला फार वेळ लागायचा म्हणून आधी रक्तगटानेच चाळण लावली, आणि तरी खुनी सापडेना, कारण कॉलिन पिचफोर्कने स्वतःच्या जागी बेकरीतल्या सहकाऱ्याला रक्त द्यायला पाठवलं होतं. तो सहकारी पबमध्ये बोलून गेला, कुणीतरी ऐकलं, १९८७ मध्ये अटक झाली, १९८८ मध्ये जन्मठेप.

पण हे सगळं जमलं कारण १९८३ चा नमुना कुणीतरी फेकला नव्हता.

माझ्या कादंबरीत आत्ता इन्स्पेक्टरने तो कपडा कागदी पिशवीत घालून, तारीख टाकून कपाटात ठेवलाय. अजून १२० पानं आहेत.