एसएमपीएस स्टेबल आहे का हे स्कोपवर बघतात, ती पद्धत आली कुठून

सोलापुरात लूमच्या पॅनेलमधला एसएमपीएस, म्हणजे कंट्रोल कार्डला २४ व्होल्ट देणारा स्विचिंग पॉवर सप्लाय, रिपेअरला आला की आधी मीटर लागतो, २४ व्होल्ट दिसले की ओके म्हणून परत जातो, आणि लूम चालू झाला की कंट्रोल कार्ड पुन्हा रिसेट. मीटर सरासरी दाखवतो ओ, लोड बदलला त्या क्षणी काय झालं ते त्याला दिसतच नाही. ते बघायला स्कोप, म्हणजे व्होल्टेज क्षणाक्षणाला कसं बदलतं ते स्क्रीनवर दाखवणारा ऑसिलोस्कोप लागतो, पण स्कोपवर नक्की काय बघायचं हे ठरायला जवळपास पन्नास वर्षं गेली.

सुरुवात टेलिफोनपासून आहे. लांबच्या लाईनवर एकामागे एक ॲम्प्लिफायर असायचे आणि प्रत्येकाचं डिस्टॉर्शन साठत जायचं, त्यावर अमेरिकेतल्या बेल लॅब्ज ह्या टेलिफोन संशोधन संस्थेच्या हॅरोल्ड ब्लॅकने १९२७ मधे निगेटिव्ह फीडबॅक काढला, म्हणजे आउटपुटचा थोडा भाग उलटा करून इनपुटला परत द्यायचा. पण फीडबॅक लावला की काही ॲम्प्लिफायर आपोआप ऑसिलेट व्हायचे (स्वतःच लाटा काढायचे), कारण सिग्नल ह्या फीडबॅकच्या लूपमधून फिरून येईपर्यंत फेज मागे पडते, म्हणजे लाट उशिरा पोचते, ती १८० डिग्री मागे पडली आणि तिथे गेन (सिग्नल किती पट होतो ते) एकपेक्षा जास्त उरला असेल तर निगेटिव्हचा पॉझिटिव्ह होतो. हे गणितात बसवलं हॅरी नायक्विस्टने, १९३२ मधे. मग हेंड्रिक बोडेने गेन मार्जिन आणि फेज मार्जिन दिले, म्हणजे ऑसिलेट व्हायला गेनमधे आणि फेजमधे अजून किती जागा बाकी आहे त्याची मापं, आणि आजही आपण ४५ ते ६० डिग्री मार्जिन हवं म्हणतो ते त्याच हिशोबात.

एसएमपीएसमधे हाच लूप आहे, आउटपुटवरून टीएल४३१ (व्होल्टेज कमी-जास्त झालं का बघणारा आयसी), तिथून ऑप्टोकपलर (सिग्नल प्रकाशाने पलीकडे देणारा), तिथून पीडब्ल्यूएम आयसी (ट्रान्झिस्टर किती वेळ ऑन ठेवायचा ते ठरवणारा). अडचण अशी की ट्रान्झिस्टर सारखा ऑन-ऑफ होतो, त्याला साधं लिनियर गणित लागू पडत नाही. तो गुंता अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठात सुटला, आर. डी. मिडलब्रूक आणि स्लोबोदान चुक यांनी १९७६ मधे एका सायकलची सरासरी घेऊन मॉडेल मांडलं, आणि त्याच्या आदल्या वर्षी मिडलब्रूकने लूप न तोडता गेन मोजायची रीत दिली होती. मला विचाराल तर ह्या सगळ्या इतिहासात सगळ्यात कामाची गोष्ट हीच. लूप तोडला तर डीसी गेन एवढा असतो की आउटपुट एका टोकाला जाऊन बसतं, म्हणून लूपमधे छोटा रेझिस्टर टाकायचा, त्यावर ट्रान्सफॉर्मरने बारीक साइन सिग्नल द्यायचा आणि रेझिस्टरच्या दोन्ही बाजू दोन चॅनेलवर बघायच्या. ज्या फ्रिक्वेन्सीला दोन्ही सारखे होतात तिथे १८० ला अजून किती फेज बाकी आहे, ते तुमचं मार्जिन. आता बऱ्याच डिजिटल स्कोपमधे हा बोडे प्लॉट, म्हणजे फ्रिक्वेन्सीप्रमाणे गेन आणि फेजचा आलेख, आपोआप निघतो.

टेबलावर मात्र लोड स्टेप, म्हणजे लोड एकदम बदलून बघणं, पुरतो. समजा २४ व्होल्ट ५ अँपिअरचा सप्लाय आहे, मॉस्फेटने (स्विचसारखा वापरायचा ट्रान्झिस्टर) लोड अडीच आणि पाच अँपिअरमधे सारखा बदलत ठेवायचा, प्रोब आउटपुटवर, एसी कपलिंग (म्हणजे स्थिर २४ व्होल्ट वगळून फक्त बदल दिसतो), १०० मिलिव्होल्ट पर डिव्हिजन. एक गचका खाऊन लाईन शांत परत आली तर बरं, चार-पाच लाटा मारत आली तर मार्जिन संपत आलंय, आणि त्या लाटांची फ्रिक्वेन्सी म्हणजे साधारण लूपची क्रॉसओव्हर फ्रिक्वेन्सी, जिथे गेन एक होतो ती. फक्त प्रोबचा ग्राउंड क्लिप चुकूनही प्रायमरीला, म्हणजे मेन्सच्या बाजूला लावू नका, तो थेट अर्थला असतो, स्फोट होईल.

आणि नवा असताना नीट असलेला सप्लाय नंतर बिघडतो तो बहुतेक वेळा आउटपुट कॅपॅसिटरमुळे. आपल्याकडे एप्रिल-मेमधे बाहेरच चाळीसच्या वर, आत कापसाचे तंतू बसून जाळी बंद, कॅपॅसिटर सुकतो, ईएसआर (त्याचा आतला रेझिस्टन्स) वाढतो, कपॅसिटी घटते, आणि ज्या व्हॅल्यूवर लूप जुळवला होता ती राहतच नाही. व्होल्टेज अजून २४ च दिसतं, म्हणून बदलायच्या आधी एकदा आणि बदलल्यावर एकदा लोड स्टेप घेऊन दोन्ही ट्रेस शेजारी ठेवून बघा.