मॅग्नेशियम सल्फेट आणि बुडालेली विमानवाहू जहाजं

एप्रिल २०२५मध्ये प्रशांत महासागरात पाच किलोमीटर खोलीवर पडलेल्या ‘यॉर्कटाऊन’ या अमेरिकन विमानवाहू जहाजाच्या पोटात एक मोटारगाडी दिसली. १९४०-४१ सालची फोर्ड असावी, असा अंदाज आहे. जून १९४२मध्ये, अमेरिका आणि जपान यांच्यातल्या मिडवेच्या लढाईत बुडालेल्या या जहाजावर, विमानं ठेवायच्या जागी मोटार काय करत होती, यावर बरीच चर्चा झाली. जहाज कलू लागल्यावर खलाशांनी जड वस्तू समुद्रात लोटल्या होत्या, तरी ही गाडी कशी राहिली, यावरही झाली. मला मात्र त्या चर्चेतला एक भाबडा वाटणारा प्रश्न जास्त आवडला. उपग्रहातून आपल्या गच्चीवरची पाण्याची टाकी दिसते, मग अडीचशे मीटर लांबीचं जहाज शोधायला इतकी वर्षं का लागावीत?

वर्षं खरोखरच लागली. यॉर्कटाऊन सापडली १९९८मध्ये, सागरशोधक रॉबर्ट बॅलार्ड यांच्या मोहिमेत. त्याच लढाईत बुडालेल्या चार जपानी विमानवाहू जहाजांपैकी ‘कागा’ आणि ‘अकागी’ ऑक्टोबर २०१९मध्ये सापडल्या, म्हणजे ७७ वर्षांनी. ‘सोर्यू’ आणि ‘हिर्यू’ अजून सापडायच्या आहेत. कागाचा तर एक तुटका भाग १९९९मध्येच सापडला होता, पण मुख्य सांगाडा सापडायला आणखी वीस वर्षं गेली.

प्रकाशाचं उत्तर सोपं आहे. पाणी प्रकाश शोषून घेतं आणि हजार मीटरखाली सूर्य जवळपास नसतोच. रेडिओलहरींची अवस्था त्याहून वाईट, कारण खारं पाणी विजेचं वाहक आहे. म्हणून रडार नाही, जीपीएसही नाही. उपग्रहांवरून केलेले सागरतळाचे नकाशे असतात, पण ते तळ पाहून केलेले नसतात. पाण्याखालच्या डोंगराच्या गुरुत्वाकर्षणाने समुद्राच्या पृष्ठभागाला किंचित फुगवटा येतो, तो मोजून तळाचा अंदाज बांधतात. त्यात डोंगर कळतो, जहाज नाही.

उरतो तो ध्वनी. समुद्रात तो सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. कागा ५४०० मीटर खोल आहे, म्हणजे वरून मारलेली हाक तळाला आपटून परत यायला सात सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. जहाजाच्या तळाला बसवलेला सोनार हेच करत राहतो. मग अडचण काय? अडचण आहे झोताच्या रुंदीची. चांगल्या खोलसागरी सोनारचा झोत साधारण एक अंशाचा असतो. एक अंश म्हणजे फार बारीक वाटतं, पण पाच किलोमीटर खाली पोहोचेपर्यंत तो जवळपास ८७ मीटर रुंद होतो. त्या ८७ मीटरांत जे काही असेल, त्याचं मिळून नकाशावर एक टिंब. अकागी २६० मीटर लांब. म्हणजे तीन टिंबं, आणि तीही पडली तर खडकाळ तळावरच्या शेकडो टिंबांमध्ये.

झोत आणखी बारीक करता येत नाही का? येतो. झोताचा कोन ठरतो तरंगलांबी आणि सोनारच्या लांबीच्या गुणोत्तरावर. १२ किलोहर्ट्झ वारंवारतेला, म्हणजे सेकंदाला बारा हजार कंपनांना, पाण्यातली तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर असते आणि एक अंशाच्या झोतासाठी सात-आठ मीटर लांबीचं उपकरण लागतं. ४०० किलोहर्ट्झ वापरले तर तरंगलांबी चार मिलिमीटरच्याही आत येते आणि तेवढ्याच झोताला वीतभर उपकरण पुरतं. मग सरळ वारंवारता वाढवावी! इथेच समुद्र आडवा येतो, आणि या सगळ्या विषयातला माझा सर्वात लाडका भाग इथे सुरू होतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पाणबुड्या शोधणाऱ्यांना एक कोडं पडलं होतं. सोनारच्या वारंवारतांना समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी पट जास्त ध्वनी गिळतं. मीठ असल्यामुळे, असं म्हणून मोकळं होता येत नाही, कारण समुद्रातल्या क्षारांपैकी वजनाने सुमारे ८५ टक्के भाग सोडियम आणि क्लोरीनचा असला तरी नुसत्या मिठाच्या पाण्यात हा परिणाम दिसत नाही. युद्ध संपल्यावर काही वर्षांनी गुन्हेगार सापडला: मॅग्नेशियम सल्फेट. मिठागरात मीठ वेचून झाल्यावर मागे जे कडवट पाणी उरतं, त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात, त्यांतलाच हा एक.

सोडियम आणि क्लोराइडचे आयन पाण्यात सुटे सुटे फिरतात. मॅग्नेशियम आणि सल्फेट या दोघांवर मात्र दुहेरी विद्युतभार असतो. त्यामुळे त्यांची ओढ तगडी असते आणि त्यांच्यातले काही आयन जोडीने राहतात, मध्ये पाण्याचे एक-दोन रेणू घेऊन. जोडी फुटली की सुटे आयन आजूबाजूच्या पाण्याला जास्त घट्ट आवळून धरतात, म्हणजे एकूण जागा किंचित कमी लागते. शाळेतला ले शातेलिएचा नियम आठवा. दाब वाढला की समतोल कमी जागा घेणाऱ्या बाजूला सरकतो. ध्वनिलहर म्हणजे दाबाची चढउतार. दाब चढला की काही जोड्या फुटतात, उतरला की पुन्हा जुळतात.

यात ऊर्जा कुठे गेली? लहर संथ असेल तर कुठेच नाही. जोड्या सावकाश फुटतात, सावकाश जुळतात, आणि घेतलेली ऊर्जा परत देतात. लहर फारच झटपट असेल तर जोड्यांना हलायला वेळच मिळत नाही. पण दोन्हींच्या मध्ये, शंभर किलोहर्ट्झच्या आगेमागे, जोड्या प्रतिसाद देतात खरा, पण उशिरा. झोका परत येत असताना उशिरा पोहोचलेला धक्का जसा त्याला अडवतो, तशी ही उशिरा परतलेली ऊर्जा लहरीला अडवते, आणि तिची उष्णता होते. प्रत्येक लहरीमागे होणारा तोटा या पट्ट्यात सर्वाधिक असतो. पट्टा ओलांडल्यावरही किलोमीटरमागचा तोटा कमी होत नाही, कारण आता किलोमीटरमध्ये लहरी जास्त मावतात आणि पाण्याचा चिकटपणाही हात देऊ लागतो. (काही किलोहर्ट्झच्या खाली हेच काम बोरिक आम्ल करतं, पण त्यात शिरत नाही.)

आकड्यांत बोलायचं तर १२ किलोहर्ट्झच्या ध्वनीची किलोमीटरमागे साधारण एक डेसिबल घट होते. १०० किलोहर्ट्झला ती ३० डेसिबलच्या घरात जाते, म्हणजे एका किलोमीटरनंतर हजारावा हिस्सा उरतो. ४०० किलोहर्ट्झला घट शंभरेक डेसिबल. खोल पाण्याचा दाब या क्षाराचा परिणाम जवळपास निम्म्यावर आणतो, तरी जाऊन-येऊन दहा किलोमीटरचा प्रवास बारीक झोताला अशक्यच. दूरचं धूसर ऐकू येतं, स्पष्ट ऐकायचं तर जवळ जावं लागतं.

म्हणून यंत्र खाली पाठवायचं. कागा आणि अकागी शोधणाऱ्या ‘पेट्रेल’ या नौकेवर असं सहा हजार मीटरपर्यंत जाणारं स्वयंचलित यान होतं, चार मीटरहून थोडं कमी लांबीचं. ही यानं तळापासून काही दशक मीटर उंचीवरून चालतात आणि दोन्ही बाजूंना काही शे मीटरपर्यंत तिरकस झोत टाकतात. तिरकस झोताची गंमत म्हणजे सावली. उभ्या वस्तूमागे ध्वनी पोहोचत नाही, तिथे काळा पट्टा उमटतो, आणि त्यावरून उंची काढता येते. यान ६० मीटर उंचीवर आहे, सावलीचं टोक ३०० मीटर दूर आहे आणि सावली १०० मीटर लांब आहे, तर समरूप त्रिकोणांनी वस्तूची उंची २० मीटर. नववी-दहावीची भूमिती. पाच किलोमीटर खालचा खडक की जहाज, हे बरंचसं त्या सावलीच्या कडा सांगतात.

यान तारेने बांधलेलं नसतं, आणि एवढ्या खोलून ध्वनीवरून चित्रं वर पाठवणं फार मंद, कारण पुन्हा तेच मॅग्नेशियम सल्फेट. त्यामुळे यान वर येऊन माहिती उतरवून घेईपर्यंत वाट बघावी लागते. मग तारेने बांधलेला, कॅमेरे आणि दिवे असलेला रोबो खाली जातो. ओळख पटते ती बारीकसारीक खुणांनी. बहुतेक विमानवाहू जहाजांचा नियंत्रण-मनोरा उजव्या बाजूला असतो, अकागीचा डाव्या. सप्टेंबर २०२३मध्ये ‘नॉटिलस’ जहाजावरच्या पथकाने अकागीचं पहिल्यांदा कॅमेऱ्याने सर्वेक्षण केलं. हे सगळं हात न लावता, कारण चार जपानी जहाजांवर मिळून दोन हजारांहून अधिक माणसं मेली होती.

जाता जाता एक. समाजमाध्यमांवर निळसर उजेडात उभ्या असलेल्या अख्ख्या जहाजाची ‘समुद्रतळावरची’ छायाचित्रं फिरतात. पाच किलोमीटरवर निळा उजेड नसतो आणि रोबोच्या दिव्यांचा प्रकाश काही मीटरांत संपतो. अख्खं जहाज दाखवणारं चित्र एक तर शेकडो फोटो जोडून केलेलं असतं किंवा संगणकाने रंगवलेलं. बर्म्युडा त्रिकोणाच्या गूढ शक्तींवर पोसलेल्या मंडळींनीही हे पाहावं. जहाज हरवलेलं राहायला गूढ शक्ती लागत नाही, एक अंशाचा झोत पुरतो.

आपल्याकडचं उदाहरण विमानाचं आहे. जुलै २०१६मध्ये चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला निघालेलं हवाई दलाचं एएन-३२ बंगालच्या उपसागरावर २९ जणांसह बेपत्ता झालं. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेच्या स्वयंचलित यानाने चेन्नईपासून सुमारे ३१० किलोमीटरवर, ३४०० मीटर खोलीवर टिपलेले अवशेष त्याचेच असावेत, असं जानेवारी २०२४मध्ये जाहीर झालं. या यानावर ‘सिंथेटिक अ‍ॅपर्चर’ सोनार होता. तो पुढे सरकताना ठिकठिकाणी ऐकलेले प्रतिध्वनी गणिताने असे जोडतो, की जणू ते एकाच लांबलचक उपकरणाने ऐकले. त्यामुळे तुलनेने कमी वारंवारतेतही बारीक तपशील मिळतो. अट एवढीच, की यान कुठे होतं हे तरंगलांबीच्या अंशाइतकं अचूक ठाऊक हवं, तेही जीपीएसशिवाय.

आणि हिर्यू? तिच्या स्वतःच्या ताफ्याने ५ जून १९४२च्या पहाटे तिला पाणतीर मारून सोडून दिलं, पण ती लगेच बुडाली नाही. ती तरंगताना एका जपानी विमानाने पाहिली, तिला शोधायला पाठवलेल्या विनाशिकेला सापडली नाही. शेवटचा साक्षीदार म्हणावा असे इंजिनखोलीतून मागाहून निसटलेले काही खलाशीच. त्या काळी समुद्रात आपलं स्थान सूर्य-ताऱ्यांवरून काढत, आणि लढाईच्या धुमश्चक्रीत ते काही किलोमीटर चुकणं सहज शक्य होतं. चूक प्रत्येक दिशेला दहा किलोमीटर धरली तर शोधायचा चौकोन ४०० चौरस किलोमीटरचा होतो, यानाच्या गतीने तीन-चार दिवसांचं सलग काम. चूक वीस किलोमीटर असेल तर १६०० चौरस किलोमीटर.