नेमस्पेस : कर्नेलमधील प्रोसेसचे विलगीकरण

नेमस्पेस म्हणजे यंत्रावरच्या एखाद्या साधनाची नावे किंवा क्रमांक सगळ्या यंत्रासाठी एकच न ठेवता, प्रोसेसच्या (चालू असलेल्या प्रोग्रामच्या) गटागणिक वेगवेगळे ठेवण्याची कर्नेलने, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याने, केलेली सोय. प्रोसेसचा क्रमांक, यंत्राचे नाव, फाइलींचा वृक्ष, नेटवर्कची उपकरणे, वापरकर्त्याचा क्रमांक ही सगळी कर्नेलच्या लेखी नावेच. एका नेमस्पेसमधल्या प्रोसेसने ‘७ क्रमांकाची प्रोसेस’ म्हटले की तिला मिळणारी प्रोसेस दुसऱ्या नेमस्पेसमधल्या ७ क्रमांकाहून निराळी असते. नेमस्पेस भिंत उभारत नाही, ती त्याच प्रश्नाचे उत्तर बदलून देते. ज्या वस्तूला नावच नाही, तिच्यापर्यंत पोचायची वाटही उरत नाही.

आज सर्व्हरवर सर्रास चालणाऱ्या कंटेनरचा, म्हणजे स्वतंत्र यंत्रावर असल्यासारख्या विलग चालणाऱ्या प्रोग्रामचा, पाया हाच. गंमत अशी की लिनक्सच्या कर्नेलमध्ये ‘कंटेनर’ नावाची वस्तूच नाही. तिथे आहेत ती सुटी साधने : नेमस्पेस, मेमरी आणि प्रोसेसरचा वाटा ठरवणारे सीग्रुप, रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, अधिकारांचे तुकडे म्हणजे कॅपॅबिलिटी आणि सिस्टीम कॉल (प्रोग्रामने कर्नेलकडे केलेल्या मागण्या) गाळणारे सेकॉम्प. त्यांची मोट बांधतो तो कर्नेलबाहेरचा प्रोग्राम. आभासी यंत्रात पाहुण्याचा कर्नेल वेगळा असतो. कंटेनरमध्ये मात्र सगळे जण एकाच कर्नेलवर चालतात, म्हणून तो क्षणात सुरू होतो आणि म्हणूनच कर्नेलमधली एक चूक सगळ्या कंटेनरना भोवू शकते.

या विचाराची पहिली खूण १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत सापडते. तिथला सीएचरूट हा कॉल प्रोसेसची मूळ डिरेक्टरी बदलून देई, पण बाकी सारे जसेच्या तसे राही, आणि आत रूटचे अधिकार असतील तर बाहेर पडणे अवघड नव्हते. पुढे बेल लॅब्सच्या प्लॅन ९ प्रणालीने प्रत्येक प्रोसेसला फाइलींचे स्वतःचे जग दिले. २००० साली फ्रीबीएसडी ४.० मध्ये पॉल-हेनिंग काम्प यांचे ‘जेल’ आले. त्यात फाइली, प्रोसेस आणि नेटवर्क यांवरची बंधने एकत्रच येतात, एका कॉलमध्ये. लिनक्सने निवडली ती उलटी वाट : एकेक नाव घ्यायचे आणि त्याला ‘हे कोणाचे?’ असा प्रश्न विचारायचा.

लिनक्समध्ये पहिल्यांदा सुटी झाली ती फाइल प्रणाली जोडण्याची, म्हणजे माउंटची यादी. हे काम २००२ मध्ये २.४.१९ आवृत्तीत आले. ती मागताना कर्नेलला द्यायच्या झेंड्याचे (फ्लॅगचे) नाव नुसते ‘क्लोन न्यू एनएस’, म्हणजे ‘नवी नेमस्पेस’, असे आहे. कशाची नेमस्पेस ते नावात नाही, कारण आणखी काही प्रकार येतील हे तेव्हा कोणाच्या मनात नव्हते. यंत्राचे नाव आणि प्रोसेसनी एकमेकींना पाठवायच्या संदेशांच्या रांगा २००६ मध्ये २.६.१९ बरोबर वेगळ्या झाल्या. प्रोसेसचे क्रमांक २००८ च्या जानेवारीत २.६.२४ मध्ये, नेटवर्क त्याच सुमारास सुरू होऊन २.६.२९ पर्यंत बरेचसे, वापरकर्ते २०१३ मध्ये ३.८ मध्ये, सीग्रुप २०१६ मध्ये ४.६ मध्ये आणि घड्याळे २०२० मध्ये ५.६ मध्ये. एरिक बीडरमन, पावेल एमेल्यानोव्ह, सर्ज हॅलिन यांची नावे या कामात पुन्हा पुन्हा भेटतात. त्याआधी ओपनव्हीझेड आणि लिनक्स-व्हीसर्व्हर हे प्रकल्प मुख्य कर्नेलबाहेर मोठमोठे पॅच (कर्नेलच्या कोडमधले बदल) सांभाळत हेच करत होते. त्यांचा अनुभव नसता तर मुख्य कर्नेलमधले काम इतके नीट उतरले नसते.

प्रोसेसच्या क्रमांकांची नेमस्पेस जवळून पाहण्यासारखी आहे. ‘अनशेअर’ या आज्ञेने नवी नेमस्पेस मागून त्यात शेल (आज्ञा स्वीकारणारा प्रोग्राम) सुरू करावा आणि शेलला त्याचा क्रमांक विचारावा. उत्तर येते १. लगेच प्रोसेसची यादी दाखवणारी ‘पीएस’ ही आज्ञा चालवावी, तर पडद्यावर यंत्रावरच्या सगळ्या प्रोसेस ओळीने उभ्या राहतात! नवशिक्याला वाटते, विलगीकरण झालेच नाही. झालेले असते. पीएस ही यादी ‘प्रोक’ या डिरेक्टरीतून वाचते आणि तो प्रोक जुन्या नेमस्पेसमध्ये जोडलेला असतो. माउंटची यादीही वेगळी करून प्रोक नव्याने जोडला की यादीत उरतात दोनच ओळी : शेल आणि पीएस. एक नाव वेगळे केले म्हणून त्याच गोष्टीकडे नेणारे दुसरे नाव वेगळे होत नाही. कंटेनर बांधणाऱ्या प्रोग्रामची निम्मी मेहनत अशा जोड्या जुळवण्यात जाते.

कर्नेलच्या आत एका प्रोसेसला एकच क्रमांक नसतो, क्रमांकांची एक लहानशी रांग असते, प्रत्येक पातळीसाठी एक. आतली १ क्रमांकाची प्रोसेस बाहेरून ४८२१३ दिसू शकते. बाहेरच्याला आतले दिसते, आतल्याला बाहेरचे नाही. अशा नेमस्पेस ३२ पातळ्यांपर्यंत एकात एक बसतात. शिवाय अनशेअर कॉल करणाऱ्या प्रोसेसचा स्वतःचा क्रमांक बदलत नाही, नवी नेमस्पेस लागू होते तिच्या मुलांना. आपला क्रमांक आयुष्यभर तोच राहील असे असंख्य प्रोग्राम आणि लायब्रऱ्या धरून चालतात, तो विश्वास मोडायचा नव्हता.

क्रमांक १ बरोबर जबाबदारीही येते. त्या नेमस्पेसमधल्या पोरक्या (जन्म देणारी प्रोसेस आधीच संपलेल्या) प्रोसेस १ क्रमांकाच्या प्रोसेसच्या ओटीत येतात आणि त्या मेल्यावर त्यांची नोंद मिटवणे तिचे काम. साधा प्रोग्राम कंटेनरमध्ये १ क्रमांकावर बसवला आणि त्याने हे केले नाही, तर झोंबी, म्हणजे मेल्यावरही नोंद उरलेल्या, प्रोसेस साचत जातात. ज्या सिग्नलसाठी (प्रोसेसला पाठवायच्या सूचनेसाठी) १ क्रमांकाच्या प्रोसेसने स्वतःची व्यवस्था केलेली नाही, तो आतून कोणी पाठवला तर कर्नेल तिच्यापर्यंत पोचू देत नाही. बाहेरच्या नेमस्पेसमधूनही फक्त किल (मारणे) आणि स्टॉप (थांबवणे) हे दोनच सिग्नल जबरदस्तीने लागू होतात. थांबायला सांगूनही कंटेनर थांबत नाही आणि शेवटी किलच पाठवावा लागतो, यामागे पुष्कळदा हेच कारण असते. १ क्रमांकाची प्रोसेस मेली की कर्नेल त्या नेमस्पेसमधल्या सगळ्यांना मारून टाकतो.

नेटवर्कच्या नव्या नेमस्पेसमध्ये फक्त एक लूपबॅक, म्हणजे स्वतःशीच बोलायचे आभासी उपकरण, असते, तेही बंद. बाहेरशी बोलायला आभासी नेटवर्क उपकरणांची व्हीइथ नावाची जोडी लागते. तिचे एक टोक आत, एक बाहेर ठेवायचे. खरे नेटवर्क कार्ड एका वेळी एकाच नेमस्पेसमध्ये राहू शकते. घड्याळांच्या नेमस्पेसमध्ये भिंतीवरची वेळ, म्हणजे नेहमीची तारीख-वेळ, बदलत नाही. बदलतात ती यंत्र सुरू झाल्यापासून पुढेच सरकणारी दोन घड्याळे, कारण गोठवलेला कंटेनर दुसऱ्या यंत्रावर उठवल्यावर त्याचा काळ मागे गेलेला चालत नाही.

सगळ्यांत कठीण ठरली ती वापरकर्त्यांची नेमस्पेस, आणि या नोंदकर्त्याच्या मते सगळ्यांत मोलाचीही तीच. तिच्यात आतला ० क्रमांक, म्हणजे रूट, बाहेरच्या एखाद्या साध्या वापरकर्त्याशी जोडलेला असतो. आत तो सर्वाधिकारी, बाहेर सामान्य. हे साधायला कर्नेलला अधिकाराचा अर्थच बदलावा लागला : ‘याला हा अधिकार आहे का?’ याऐवजी ‘या वस्तूची मालकी ज्या नेमस्पेसकडे आहे, तिथे याला हा अधिकार आहे का?’ असे विचारावे लागले. वापरकर्त्याचा क्रमांक तोवर साधा पूर्णांक होता. बीडरमन यांनी कर्नेलमधल्या क्रमांकाला वेगळा प्रकार दिला, म्हणजे आतला आणि बाहेरचा आकडा कोणी चुकून मिसळला तर कंपायलरच अडवील. त्यासाठी एकेक फाइल प्रणाली तपासून दुरुस्त करावी लागली. एक्सएफएस या फाइल प्रणालीची पाळी आली ३.१२ मध्ये.

३.८ पासून ही नेमस्पेस रूट नसलेल्यालाही तयार करता येते, आणि तिथूनच अडचणी सुरू झाल्या. त्याच आवृत्तीत नवी नेमस्पेस घेऊनही मूळ डिरेक्टरी बाहेरच्या प्रोसेसशी सामायिक ठेवता येत होती. त्यातून खरे रूटचे अधिकार मिळवण्याची वाट निघाली, आणि या दोन गोष्टी मागणारे झेंडे एकत्र वापरण्यास मनाई करावी लागली. २०१४ मधली चूक अधिक सूक्ष्म होती. एखाद्या गटाला मुद्दाम नकार देणारी फाइल असते, इतरांना मुभा आणि त्या गटाला नाही. नेमस्पेसमध्ये शिरून गट सोडून दिला की तो नकार गळून पडे. तेव्हापासून साध्या वापरकर्त्याला गटांची जोडणी लिहिण्याआधी गट बदलण्याचा हक्क सोडून द्यावा लागतो. २०२२ मध्ये फाइल प्रणाली जोडण्याच्या कोडमधली मेमरीची चूक सापडली. एरवी तिथवर फक्त रूट पोचला असता, पण नेमस्पेसमुळे कोणीही पोचू शकत होता.

सामायिक राहिलेल्या गोष्टीही आहेत : भिंतीवरची वेळ, कर्नेलचा लॉग, कर्नेलमध्ये लोड केलेले जोडभाग म्हणजे मॉड्यूल. म्हणून कंटेनर चालवणारे नेमस्पेसवर विसंबून न राहता कॅपॅबिलिटी काढून घेतात आणि सेकॉम्पने कॉल गाळतात.

साध्या वापरकर्त्याला वापरकर्त्यांची नेमस्पेस तयार करू द्यावी की नाही, यावर लिनक्सच्या वितरणांत एकमत नाही. डेबियनने ती बरीच वर्षे मूळ मांडणीत बंद ठेवली, उबंटूने अलीकडे ॲपआर्मर या सुरक्षा यंत्रणेच्या परवानगीमागे नेली. मुख्य कर्नेलमध्ये अशा नेमस्पेसची संख्या शून्यावर आणणारी कळही आहे. पण ती कळ दाबली तर क्रोमियमसारखा ब्राउझर आपल्या पानांचे विलगीकरण करायला जी नेमस्पेस वापरतो, तीच हातची जाते, आणि त्याला पूर्वीसारखा रूटच्या अधिकाराने चालणारा मदतनीस प्रोग्राम जवळ ठेवावा लागतो.