पुडा फोडल्यावर जनुक कुठे जातं?

रब्बीच्या तोंडावर कुठल्याही कृषी सेवा केंद्रात गेलात की हरभऱ्याच्या बियाण्याशेजारी रायझोबियमचे, म्हणजे हवेतलं नत्र पिकाला मिळवून देणाऱ्या जिवाणूचे, पुडे रचलेले दिसतात. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅमचा एक पुडा. गुळाच्या पाण्यात कालवायचं, बियाण्याला हलक्या हातानं चोळायचं, सावलीत सुकवायचं आणि लगेच पेरायचं. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे या भुकटीच्या दर ग्रॅममध्ये किमान ५ कोटी जिवंत जिवाणू असावे लागतात. म्हणजे एका पुड्यात १,२५० कोटी. हा आकडा लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

मे २०२५ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेनं जीनोम संपादित, म्हणजे डीएनएत नेमक्या जागी बदल केलेल्या, भाताचे दोन वाण जाहीर केले. तेव्हापासून पुण्यात शेतीची चर्चा निघाली की एक प्रश्न हटकून येतो: आज भात, उद्या पुड्यातला जिवाणूही बदलून येणार का? आणि आला तर? यावर दोन उत्तरं तयार असतात. पहिलं घाबरवणारं: असा जिवाणू एकदा मातीत सुटला की माती संपली, तो परत बाटलीत भरता येत नाही. दुसरं निश्चिंत करणारं: अहो, त्यात आत्मघाती बटण बसवलेलं असतं, काम झालं की तो आपणहून मरतो. दोन्ही उत्तरं चुकीची आहेत. मला जास्त काळजी दुसऱ्याची वाटते, कारण ते विज्ञानाच्या बाजूचे लोक देतात.

मुळात जिवाणू बदलायचा कशाला? नत्रासाठी. हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण त्याच्या दोन अणूंमधला तिहेरी बंध तोडणं पिकाला जमत नाही, काही जिवाणूंना जमतं. हे काम त्यांना महाग पडतं. नत्राचा एक रेणू फोडायला एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचे, किमान १६ रेणू खर्ची पडतात. त्यामुळे जमिनीत युरिया पडला की हे शहाणे जिवाणू आपला कारखाना बंद करतात. फुकट मिळतंय तर राबायचं कशाला? अमेरिकेत २०१९ पासून मक्यासाठी विकल्या जाणाऱ्या एका क्लेबसिएला जिवाणूत हा कारखाना बंद करणारं जनुकच काढून टाकलंय. बाहेरचं जनुक एकही घातलेलं नाही, फक्त आतली मांडणी बदलली आहे. युरिया टाकला तरी तो नत्र बांधत राहतो.

आता भीतीकडे वळू. २४ एप्रिल १९८७ रोजी कॅलिफोर्नियातल्या ब्रेंटवुड गावी स्ट्रॉबेरीच्या शेतावर बदललेला स्यूडोमोनास सिरिंजी फवारला गेला. परवानगी घेऊन उघड्यावर सोडलेला हा पहिला जनुकबदल जिवाणू. मूळ जिवाणूच्या अंगावर एक प्रथिन असतं, त्यामुळे उणे २ अंशांच्या आसपासच पानावर बर्फ धरतो. ते प्रथिन बनवणारं जनुक यात काढलं होतं. आदल्या रात्री विरोधकांनी बरीचशी रोपं उपटून टाकली होती. फवारणारी बाई अंतराळवीरासारख्या पोशाखात, आणि थोड्या अंतरावर छायाचित्रकार साध्या शर्टात! जिवाणू काही जगभर पसरला नाही. आणि ते उत्पादन बाजारातही कधी आलं नाही.

याहून गाजली ती दुसऱ्याच एका क्लेबसिएलाची गोष्ट. पिकांच्या अवशेषांपासून अल्कोहोल बनवायला बदललेला हा जिवाणू कुंड्यांतल्या वाळूसर मातीत मिसळला, तेव्हा गव्हाची रोपं मेली. प्रयोग खरा आणि महत्त्वाचाही. पण २००१ मध्ये न्यूझीलंडच्या शाही आयोगापुढे त्यावरून थेट असा दावा झाला की हा जिवाणू सुटला असता तर पृथ्वीवरची सगळी झाडं मेली असती. तपासणीत तो टिकला नाही, माघार घ्यावी लागली. माघारीची बातमी मात्र कुणी पुढे पाठवत नाही.

या दोन्ही गोष्टींपेक्षा मला मोलाची वाटते ती तिसरी. तिच्यात ना पोशाख, ना प्रलय, त्यामुळे ती फारशी कुणाला ठाऊकही नाही.

गुलाब, बदाम, पीच, द्राक्ष अशा झाडांच्या खोडावर जमिनीलगत कधीकधी ओबडधोबड गाठी येतात. हा क्राउन गॉल रोग. तो करणारा अॅग्रोबॅक्टेरियम मोठा कारागीर आहे. त्याच्याकडे टीआय नावाचं एक प्लाझ्मिड असतं. प्लाझ्मिड म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरचं डीएनएचं छोटं कडं. त्यातला एक तुकडा तो झाडाच्या पेशीत सोडतो आणि झाडाच्या डीएनएत बसवतो. (पुढे माणसानं हीच युक्ती उचलली. भारतात २००२ मध्ये आलेला पहिला बीटी कापूस याच जिवाणूच्या मदतीनं घडवलेला.) तुकडा बसला की त्या पेशी बेसुमार वाढतात, गाठ होते, आणि गाठीतल्या पेशी काही विचित्र संयुगं बनवू लागतात. त्यातलं एक अॅग्रोसिनोपिन. साखर आणि फॉस्फेट यांपासून बनलेलं हे खाणं बहुतेक जिवाणूंच्या काही कामाचं नाही. ते आत ओढून घेणारं दार ज्या जनुकांमुळे बनतं ती जनुकंही टीआय प्लाझ्मिडवरच असतात. म्हणजे झाडाला स्वयंपाकाला लावायचं, आणि ताटावर आपणच बसायचं.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात अॅडलेडच्या अॅलन कर यांना पीचच्या गाठीभोवतालच्या मातीत याच कुळातला एक निरुपद्रवी जिवाणू सापडला. त्याचं नाव के-८४. लावण्यापूर्वी रोपांची मुळं त्याच्या पाण्यात बुडवली तर गाठी येतच नव्हत्या. के-८४ एक विष बनवतो, अॅग्रोसिन ८४. उंदराला आपण पिठाच्या गोळीतून औषध घालतो, तोच प्रकार. या रेणूचा एक भाग अॅग्रोसिनोपिनसारखा दिसतो, म्हणून रोगकारक जिवाणूचं ते खास दार त्याला मुकाट आत घेतं. आत गेल्यावर रेणू तुटतो आणि त्याचा विषारी तुकडा मोकळा होतो. पेशीत प्रथिनं बांधताना ल्युसिन हे अमिनो आम्ल योग्य टी-आरएनएला (अमिनो आम्लं बांधकामावर वाहून आणणाऱ्या रेणूला) जोडून देणारं एक विकर (एन्झाइम) असतं. तो तुकडा नेमका या विकराला जखडतो. ल्युसिन नाही तर प्रथिन नाही, आणि प्रथिन नाही तर जिवाणू नाही. ज्यांच्याकडे ते दार नाही अशा मातीतल्या बाकी जिवाणूंना या विषाचं काहीच वाटत नाही. इतकं नेमकं कीडनाशक माणसानं अजून क्वचितच बनवलंय.

मग के-८४ स्वतः कसा वाचतो? त्याच्याकडे त्या विकराची दुसरी, विषाला दाद न देणारी आवृत्ती आहे. विष बनवायची जनुकं आणि हे उतारा देणारं जनुक एकाच प्लाझ्मिडवर शेजारी राहतात. घोळ इथेच आहे. हे प्लाझ्मिड फिरतं आहे. दोन जिवाणू एकमेकांना चिकटले की त्याची प्रत एकाकडून दुसऱ्याकडे जाते, आणि त्यासाठी दोघांचं अगदी जवळचं नातं असावं लागतं असंही नाही. हे प्लाझ्मिड रोगकारकाकडे गेलं तर? रोग करायची ताकद त्याच्याकडे आधीच होती, आता उताराही हाती आला. १९७० च्या दशकाअखेरीस ग्रीसमधल्या प्रयोगांत या संरक्षणाला तडा गेल्याचं दिसलंही.

इथे थांबून एक गोष्ट बघा. आतापर्यंत या कथेत जनुक अभियांत्रिकी कुठेच आलेली नाही. के-८४ शंभर टक्के नैसर्गिक, मातीतून उचललेला, आणि तरी त्याच्या पोटात धोका होता.

अॅडलेडच्या मंडळींनी मग उपाय केला. डीएनएच्या सुमारे ४४ हजार अक्षरांच्या त्या प्लाझ्मिडमधला उडी मारायची यंत्रणा असलेला भाग शोधला आणि त्यातली सहा हजारांच्या आतबाहेर अक्षरं कापून काढली. विष तसंच, उतारा तसाच, फक्त पाय काढून घेतले. कापताना वापरलेला बाहेरचा डीएनएही शेवटच्या जिवाणूत मागे ठेवला नाही. हा के-१०२६. १९८० च्या दशकाच्या शेवटी तो ऑस्ट्रेलियात विकायला आला. शेतीसाठी बाजारात आलेला हा पहिला जनुकबदल जिवाणू मानला जातो. कापण्याचा फायदा असा की एखादं अक्षर बदलून जनुक बंद पाडलं तर कधीतरी ते अक्षर उलटून पूर्ववत होऊ शकतं, पण गेलेली सहा हजार अक्षरं आपसूक परत उगवत नाहीत.

जैवसुरक्षेचा विचार आराखड्यातच करणं म्हणतात ते हे. जिवाणू मरेल का, हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं ते हे की त्याच्यातलं जनुक कुठल्या वाटेनं बाहेर पडेल आणि ज्याच्या हाती लागेल त्याला त्यातून काय फायदा होईल.

आता ते आत्मघाती बटण. कल्पना सोपी आहे: जिवाणूत एक विष बनवणारं जनुक घालायचं, आणि ठरावीक रसायन मिळतंय तोवर ते दाबून ठेवायचं. रसायन संपलं की विष बनतं, जिवाणू मरतो. पण विषाचं जनुक बिघडलेला एखादा जिवाणू जगतो, आणि तोच वाढतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत अशा सुटकेची मर्यादा १० कोटी पेशींमागे १ इतकी धरली आहे. प्रयोगशाळेत हे उत्तमच. पण आपला पुडा आठवा: १,२५० कोटी जिवाणू. भागाकार केला तर एका पुड्यातून १२५ जिवाणू सुटतात. तेही पेरणीच्या दिवशी, पुढे मुळांवर पिढ्यामागून पिढ्या वाढण्याआधी.

मग दोन बटणं बसवा. दोन्ही खरोखर एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर दोन्ही एकदम बिघडण्याची शक्यता १० कोटी गुणिले १० कोटींत एक, म्हणजे साधारण ८ लाख पुड्यांमागे एक जिवाणू. छान! पण सगळं त्या 'खरोखर स्वतंत्र' वर उभं आहे. दोन्ही जनुकं शेजारी ठेवली तर एकाच तुटीत दोन्ही जातात. दोन्हींवर एकच नियंत्रक प्रथिन असेल तर त्याचं जनुक बिघडलं की खेळ खलास. म्हणून ती गुणसूत्रावर दूर दूर ठेवावी लागतात आणि मारण्याच्या पद्धतीही वेगळ्या लागतात. शिवाय बटण सांभाळायला ऊर्जा लागते. ज्याचं बटण मोडलं तो हलका होऊन जोमानं वाढतो. निवडीचा दाब आपल्या विरुद्ध काम करत असतो.

दुसरा मार्ग परावलंबनाचा. जनुकबदलाच्या प्रयोगांतली सुरक्षा ठरवायला १९७५ मध्ये भरलेल्या असिलोमार परिषदेनंतर अमेरिकेतले शास्त्रज्ञ रॉय कर्टिस यांनी असा ई. कोलाय (आतड्यात राहणारा, प्रयोगशाळेत नेहमी वापरला जाणारा जिवाणू) बनवला की पेशीभित्तिकेसाठी लागणारं एक आम्ल बाहेरून दिलं नाही तर तो फुटावा. तो इतका नाजूक निघाला की प्रयोगशाळेत वापरणारेही वैतागले. २०१५ मध्ये हार्वर्ड आणि येलच्या गटांनी निसर्गात कुठेच नसलेल्या अमिनो आम्लावर जगणारे ई. कोलाय बनवले, त्यातून सुटका जवळपास शून्य. पण शेतात ते अमिनो आम्ल कोण शिंपडणार? पिकाच्या जिवाणूनं तीनचार महिने मुळावर तग धरायलाच हवा. त्याला दुबळा केला की तो सुरक्षित होतो आणि निकामीही.

खुणेच्या जनुकाचा प्रश्न वेगळा. बदललेला जिवाणू कोट्यवधींत ओळखायचा तर खूण हवी, आणि जुनी सोपी खूण म्हणजे प्रतिजैविकाला दाद न देणारं जनुक. १९९७ मध्ये अमेरिकेत लसूणघासासाठी मर्यादित परवाना मिळालेल्या रायझोबियममध्ये स्ट्रेप्टोमायसिनला दाद न देणारं जनुक होतं. क्षयावरचं औषध! आज कुणी असा आराखडा आणला तर सरळ परत पाठवावा. खुणेला निरर्थक अक्षरांचा तुकडाही चालतो, पीसीआर या डीएनए तपासणीत तो सापडतो.

हाच निकष जीवामृताच्या पिंपालाही लावायला हवा. जनावराला प्रतिजैविकं टोचली असतील तर शेणातल्या जिवाणूंत त्यांना दाद न देणारी जनुकं असू शकतात, आणि आपण ते गूळ-बेसन घालून वाढवून शेतात सोडतो. अग्निहोत्राच्या राखेनं मातीतले जिवाणू 'जागे' होतात असं सांगणाऱ्यांबद्दल काय बोलावं? राखेत पालाश असतं, चुना असतो, तेवढं मान्य. बाकी मंत्र मोजायचं उपकरण नाही.

आपल्याकडे पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे १९८९ चे नियम बदललेल्या जिवाणूंना लागू आहेत. संस्थेची जैवसुरक्षा समिती, मग दिल्लीतल्या समित्या, राज्याची आणि खाली जिल्ह्याची. जिल्हा समितीचे प्रमुख जिल्हाधिकारी. मार्च २०२२ मध्ये बाहेरचं जनुक न घातलेल्या संपादित वनस्पतींना यातल्या बऱ्याच पायऱ्यांतून सूट मिळाली. ही सूट फक्त वनस्पतींना आहे, जिवाणूंना नाही, आणि माझ्या मते ते बरोबरच आहे. भाताचा पराग भातकुळाबाहेर जात नाही. जिवाणूचं प्लाझ्मिड परक्या घरातही जातं. पण के-१०२६ सारख्या निव्वळ कापाकापीला आणि परक्या विषाच्या जनुकाला एकाच तागडीत तोलणंही बरं नाही. बाहेरचं काही घातलंय का, बदल फिरत्या प्लाझ्मिडवर आहे की गुणसूत्रावर, तो उलटू शकतो का, या प्रश्नांच्या उत्तरांप्रमाणे चाळणी बारीक-जाड करता येईल.

त्यासाठी लागणारं बरंचसं पुण्यात आहे. पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा जुना संग्रह आहे, आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचं सूक्ष्मजीव संसाधन केंद्र पेटंटसाठी जिवाणू ठेवून घेणारं आंतरराष्ट्रीय मान्यतेचं ठिकाण आहे. मूळ जिवाणू आणि बदललेला जिवाणू शेजारी ठेवून पडताळता येतात. मोजायचं मात्र आपल्या मातीत. बारामतीच्या बागायती काळ्या जमिनीत आणि पुरंदरच्या मुरमाड माळावर तोच जिवाणू सारखा जगेल असं गृहीत धरता येत नाही. उन्हाळ्यात भेगाळलेल्या रानात मे महिन्यात त्यातले किती उरतात आणि खुणेची अक्षरं तोवर दुसऱ्या कुठल्या जिवाणूत दिसतात का, हे दोन आकडे अर्जासोबत जोडलेले असावेत.