युद्धकाळातील युक्रेनी स्वयंसेविकांची लोककथारूप व्यक्तिचित्रे

युद्धात स्वेच्छेने उतरलेल्या युक्रेनी स्त्रियांची छायाचित्रे काढताना फुलांचा मुकुट, भरतकामाचा सदरा, वनदेवता, चेटकीण, रक्षणकर्ती अशा लोकपरंपरेतल्या वस्तूंचा आणि पात्रांचा आधार घेण्याची पद्धत. २०१३-१४ चे कीव्हमधले मैदान आंदोलन आणि पाठोपाठ पूर्वेकडच्या दोनबास प्रदेशात पेटलेले युद्ध या काळात ती रुजली. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने पूर्ण प्रमाणावर आक्रमण केल्यावर ती देशभर पसरली. कोणा एका संस्थेने किंवा छायाचित्रकाराने ती सुरू केलेली नाही. दिनदर्शिका, निधी गोळा करण्यासाठी भरवलेली प्रदर्शने, वृत्तसंस्थांची छायाचित्रे आणि खंदकात मोबाइलवर काढलेले फोटो अशा अनेक वाटांनी ती वाढली.

मराठीत ‘स्वयंसेविका’ या एका शब्दात जे मावते, त्यासाठी युक्रेनी भाषेत दोन शब्द आहेत. ‘वोलोन्तेर्का’ म्हणजे औषधे, गाड्या, कपडे, ड्रोन जमवून आघाडीवर पोचवणारी. ‘दोब्रोवोलित्सा’ म्हणजे आपणहून लढायला गेलेली. प्रत्यक्षात या दोन्हींमधली सीमा पुसट असते. याना झिन्केविच यांनी २०१४ मध्ये उभारलेल्या ‘हॉस्पिटॅलर्स’ या स्वयंसेवी वैद्यकीय पथकातल्या स्त्रिया चालू गोळीबारात जखमींना उचलून आणतात. त्यांना कोणत्या रकान्यात बसवायचे? या प्रकारातली व्यक्तिचित्रे पाहताना हा प्रश्न सतत समोर येतो, कारण अंगावरचा गणवेश एक सांगतो आणि डोक्यावरचा मुकुट दुसरेच.

हा मुकुट म्हणजे ‘विनोक’. खसखशीची लाल फुले, गव्हाच्या ओंब्या, कलिना झुडपाची लाल फळे, सदाहरित बार्विनोकची पाने आणि मागे पाठीवर सोडलेल्या रंगीत फिती. मेणात बुडवलेल्या कागदी फुलांचे मुकुट लग्नासाठी करत. त्यात ‘चोर्नोब्रिव्त्सी’ म्हणून जे फूल येते तो आपला झेंडूच. युक्रेनी नावाचा अर्थ ‘काळ्या भुवयांचे’. दसऱ्याला दारावर झेंडूचे तोरण बांधणाऱ्या माणसाला हे छायाचित्र एकदम ओळखीचे वाटू शकते. परंपरेप्रमाणे विनोक ही कुमारिकेची खूण होती. लग्न झालेली बाई डोके टोपी किंवा रुमालाने झाकत असे. इवाना कुपाला या उन्हाळी सणाच्या रात्री मुली मुकुट नदीत सोडतात, आणि तो तरतो की बुडतो यावरून पुढचे भविष्य पाहतात. आजच्या व्यक्तिचित्रांत आजीबाई, विधवा, दोन मुलांची आई, सगळ्याच विनोक घालतात. जुना नियम मोडला आहे, आणि तो मोडणाऱ्या स्त्रियांना त्यात काही वावगे वाटत नाही.

मुकुटाच्या छायाचित्रांना जगभर ओळख मिळवून देण्यात कीव्हच्या ‘त्रेती पिवनी’ या चमूचा मोठा वाटा आहे. नावाचा अर्थ ‘तिसरे कोंबडे’. तिसऱ्यांदा कोंबडा आरवला की रात्रीची दुष्ट शक्ती पळते, अशी लोकसमजूत आहे. गडद पार्श्वभूमी, बाजूने येणारा मऊ उजेड, देवचित्रासारखी थेट रोखलेली नजर हा या छायाचित्रांचा साचा पुढे अनेकांनी उचलला. त्यांतल्या स्त्रिया बहुतेक मॉडेल आणि कलावंत होत्या. युद्धाने या साच्यात वेगळे चेहरे आणून बसवले: झोप न झालेले डोळे, कापलेले केस, नखांत अडकलेला रंग.

युक्रेनी स्त्रीला कॅमेऱ्यासमोर लढवय्यी म्हणून उभे करण्याची रीत मात्र त्याहून पुष्कळ जुनी आहे. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाच्या बाजूने लढलेल्या ‘युक्रेनी सिच रायफलमेन’ या पथकातील ओलेना स्तेपानिव्ह आणि सोफिया हालेच्को यांची गणवेशातली छायाचित्रे आजही पुन:पुन्हा छापली जातात. लोकवेशाची बाजू दुसरीकडून आली. कार्पेथियन पर्वतातल्या क्रिवोरिव्न्या गावची परास्का प्लित्का होरित्सव्हित (१९२७-९८) हिने सोव्हिएत सत्तेविरुद्ध लढणाऱ्या युक्रेनी बंडखोर सेनेला मदत केली म्हणून सोव्हिएत छावण्यांत वर्षे काढली, आणि परत आल्यावर आपल्या हुत्सुल (तिथल्या डोंगरी समाजातल्या) शेजाऱ्यापाजाऱ्यांचे हजारो फोटो काढले. तिच्या चौकटीतली माणसे सणाच्या कपड्यांत असतात, पण ती नटलेली वाटत नाहीत. २०१९ मध्ये कीव्हच्या ‘मिस्तेत्स्की आर्सेनाल’ने तिच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरवले. लोकवेश हा पोशाखी सोंग न वाटता माणसाचा भाग कसा वाटावा, हे तिच्याकडून शिकण्यासारखे आहे.

या परंपरेतले सर्वांत वादाचे रूप म्हणजे ‘बेरेहिन्या’, म्हणजे राखण करणारी. मूर्तिपूजेविरुद्धच्या जुन्या प्रवचनांत हे नाव ओझरते येते. घराची, चुलीची, राष्ट्राची रक्षणकर्ती देवी हा तिचा आजचा अर्थ १९८० नंतरच्या दशकांत लोकप्रिय झाला. २००१ मध्ये कीव्हच्या मैदान चौकात स्वातंत्र्यस्तंभ उभा राहिला. त्याच्या माथ्यावरील कलिनाची फांदी उंचावलेली स्त्रीही पुष्कळदा याच नावाने ओळखली जाते. इतिहासकार ओक्साना किस यांनी या प्रतिमेवर कडक टीका केली आहे. प्राचीन म्हणून मिरवणारी ही देवी बरीचशी नव्याने घडवलेली असून, ती स्त्रीला सन्मानाच्या नावाखाली घरातच बसवते, असा त्यांचा मुद्दा. तो साधार आहे. २०१५-१६ मध्ये मारिया बेर्लिन्स्का यांच्या पुढाकाराने झालेल्या ‘अदृश्य बटालियन’ या अभ्यासाने हेच दुसऱ्या टोकाने दाखवले: आघाडीवर नेमबाज किंवा टेहळणी करणाऱ्या स्त्रियांची नोंद कागदोपत्री स्वयंपाकीण, शिवणकाम करणारी, हिशेबनीस अशी होत होती. त्यानंतर २०१६ मध्ये काही लढाऊ पदे स्त्रियांना खुली झाली आणि २०१८ मध्ये समान हक्कांचा कायदा आला. भिंतीवर देवी म्हणून लावलेली बाई पगारपत्रकात स्वयंपाकीणच राहणार असेल, तर त्या छायाचित्राने तिच्यावर अन्याय केला असेच म्हणावे लागेल.

म्हणूनच या प्रकारातली उत्तम छायाचित्रे बाईला देवीपदावर चढवत नाहीत. तिच्या हातातल्या कामात लोककथा शोधतात. २०१४ पासून शाळा, वाचनालये, तळघरे यांत बायका छद्मावरणाच्या, म्हणजे शत्रूच्या नजरेपासून लपवणाऱ्या, जाळ्या विणत आल्या आहेत. मासेमारीच्या जाळ्यासारखी दोरीची जाळी उभ्या चौकटीवर ताणतात, जुन्या कपड्यांच्या बोटभर रुंद पट्ट्या फाडतात आणि जाळीच्या एकेका चौकोनातून वर-खाली ओवत जातात. वसंतात हिरव्या, शरदात पिवळ्या-तपकिरी, बर्फासाठी पांढऱ्या. कापडाचा बारीक धुरळा केसांत, भुवयांवर बसतो. जवळून घेतलेल्या चित्रात आधी तो दिसतो, मग बोटांना पडलेले घट्टे दिसतात. गोणपाटाचे रंगवलेले धागे जाळीवर शिवून नेमबाजांसाठी झुडपासारखा अंगरखाही करतात. त्याला सगळे ‘किकिमोरा’ म्हणतात. किकिमोरा ही लोककथेतली घरात वावरणारी भुताळी, जी रात्री सूत कातते आणि गुंता करून ठेवते. हे नाव कोणा कलावंताने सुचवलेले नाही, ते सैनिकांच्या रोजच्या बोलण्यातले आहे. गोणपाटाच्या त्या ढिगाऱ्यामागे बसलेल्या म्हातारीचे चित्र घ्यायला छायाचित्रकाराला वेगळी सजावट लागत नाही.

‘विद्मा’, म्हणजे चेटकीण, हे दुसरे असेच जिवंत पात्र. या शब्दाचे मूळ ‘विदाती’, जाणणे; आपल्या ‘वेद’, ‘विद्या’ यांच्या मुळाशी असलेल्या ‘विद्’ धातूशी त्याचे सख्खे नाते आहे. लोकसमजुतीत विद्मा दोन प्रकारच्या: जन्मजात आणि शिकून झालेली. ती गाईचे दूध चोरते, पाऊस अडवते. २०२२ च्या फेब्रुवारीत कोनोतोप शहरात एका बाईने रशियन सैनिकाला, इथे दर दुसरी बाई चेटकीण आहे, असे सुनावल्याची चित्रफीत गाजली. त्या गावच्या चेटकिणीची कथा एकोणिसाव्या शतकापासून युक्रेनी साहित्यात आहे. २०२४ मध्ये बुचा शहरात स्वयंसेवकांचे हवाई संरक्षण पथक उभे राहिले, त्यात बहुतांश स्त्रिया. शिक्षिका, डॉक्टर, सौंदर्यप्रसाधनाचे काम करणाऱ्या या बायका आपापली नोकरी सांभाळून पाळीपाळीने जुन्या मॅक्झिम मशीनगनवर बसतात आणि रात्री येणारे ड्रोन पाडतात. त्या ‘बुचाच्या चेटकिणी’ म्हणून ओळखल्या जातात. जगभरच्या वृत्तसंस्थांनी त्यांची छायाचित्रे घेतली. २०२२ च्या वसंतात याच बुचात रशियन ताब्याखाली नागरिकांची कत्तल झाली होती. रात्र, आभाळ आणि शिकून झालेल्या विद्मा असा कथेचा सगळा ऐवज इथे खराखुरा हजर आहे. त्यामुळे त्यांच्या चित्रात काळा झगा किंवा झाडू आणणे पोरकटपणाचे ठरते.

‘माव्का’ ही वनातली तरुणी, आपल्याकडच्या साती आसरांची आठवण करून देणारी. कार्पेथियन कथांत तिला पाठच नसते. समोरून सुंदर, मागून उघडे काळीज दिसते. कवयित्री लेस्या उक्राइन्का यांच्या १९११ मधील ‘लिसोवा पिस्न्या’ या नाटकाने तिला करुण, मानी रूप दिले. रशियाच्या ताब्यातल्या मेलितोपोल शहरात २०२३ च्या सुरुवातीस ‘झ्ला माव्का’, म्हणजे संतापलेली माव्का, या नावाने स्त्रियांचा छुपा प्रतिकार सुरू झाला. फुले नकोत, आमचा युक्रेन हवा, अशा आशयाची भित्तिपत्रके या स्त्रिया रात्रीच्या वेळी चिकटवतात. त्यांचे व्यक्तिचित्र निघूच शकत नाही. चेहरा दिसला की तुरुंग आणि छळ अटळ. तिथे छायाचित्राची जागा रेखाटलेल्या माव्काने घेतली आहे. पूर्वी छायाचित्राला शोभा आणणारे लोककथेतले पात्र इथे खऱ्या बाईला झाकण्याचे काम करते.

सुरक्षेचे हे भान ताब्यात नसलेल्या भागातही असते. मागची इमारत, रस्त्याची पाटी, बाहीवरचे पथकचिन्ह चौकटीबाहेर ठेवतात किंवा धूसर करतात. फोटोबरोबर जाणारी जागेची नोंद काढून टाकतात. आडनाव न देता फक्त बिनतारी संचावरचे टोपणनाव छापतात. त्यांतही ‘माव्का’, ‘विद्मा’, ‘प्ताश्का’ (पाखरू) अशी नावे भेटतात. मारियुपोलच्या वेढ्यात गाणी म्हणणारी हॉस्पिटॅलर्सची कातेरिना पोलिश्चुक याच शेवटच्या नावाने जगाला माहीत झाली.

‘रूश्निक’ या लांब, दोन्ही टोकांना भरतकाम केलेल्या कापडाचा उल्लेख शेवटी करायला हवा. लग्नात वधूवर त्यावर उभे राहतात, शवपेटी त्याने खाली सोडतात, घरातल्या देवचित्रांवर आणि कवी तारास शेव्हचेन्को यांच्या तसबिरीवर तो दोन्ही बाजूंनी घडी सोडून टाकतात. युद्धात मारल्या गेलेल्या स्त्रीच्या अंत्ययात्रेत पुढे चालणाऱ्याच्या हातात तिचे छायाचित्र असते. बरेचदा ते निधी गोळा करायला किंवा प्रदर्शनासाठी काढलेलेच असते, मुकुटातले, हसरे. नंतर ते घरी येते. आई त्यावर रूश्निक टाकते, आणि भरतकामाची लाल टोके चौकटीच्या दोन्ही अंगांना समान लोंबतील अशी ओढून घेते.