शिन्या ॲनिमे

शिन्या ॲनिमे : जपानी दूरचित्रवाणीवर रात्री अकरानंतर दाखवल्या जाणाऱ्या, मुख्यतः मोठ्यांसाठीच्या ॲनिमे (म्हणजे जपानी ॲनिमेशन) मालिका. ‘शिन्या’ म्हणजे खोल रात्र. वाहिन्यांच्या वेळापत्रकात रात्रीचा दीड ‘२५:३०’ असा छापतात. प्रेक्षक झोपेपर्यंत कालचाच दिवस चालू, असा तो हिशोब.

१ जानेवारी १९६३ला फुजी वाहिनीवर मुलांची ‘ॲस्ट्रो बॉय’ सुरू झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, त्याच वाहिनीवर रात्री ११:४०ला ‘सेन्निन बुराकु’ ही मोठ्यांची चावट विनोदी मालिका आली आणि काही महिन्यांत संपली. रात्रीची वेळ खऱ्या अर्थाने रुळली ती १९९७नंतर. ‘इव्हँजेलियन’ ही मालिका मुळात संध्याकाळी साडेसहाला लागत असे. राक्षसी यंत्रांच्या लढाया पाहायला बसलेल्या मुलांपुढे शेवटी चौदा वर्षांच्या नायकाच्या मनातली पडझडच मांडली गेली. पुढे रात्री उशिरा झालेल्या तिच्या पुनःप्रसारणाने वाहिन्यांचे डोळे उघडले.

यामागे पैशाचे गणित आहे. प्रकाशक, संगीत कंपन्या वगैरे मिळून निर्मितीसमिती काढतात. रात्रीची वेळ स्वस्त. बरेचदा समितीच ती विकत घेते. खर्च पूर्वी मुख्यतः मालिकेच्या डिस्कच्या (डीव्हीडी वगैरे) विक्रीतून काढला जाई. खेळणी खपवायची सक्ती नाही, की मुलांच्या झोपेची काळजी नाही. अर्थात याच मोकळिकीत उथळ अंगप्रदर्शनही भरपूर पिकले. उशिराची वेळ म्हणजे गंभीर आशय, असे समीकरण नाही.

‘सीरियल एक्सपेरिमेंट्स लेन’ (१९९८, १३ भाग) हिच्या सुरुवातीला एक शाळकरी मुलगी गच्चीवरून उडी मारते. त्यानंतर वर्गातल्या मुलींना तिचे ईमेल येऊ लागतात : मी फक्त शरीर सोडले आहे. रस्त्यावर पांढरेफटक ऊन, विजेच्या तारांची अखंड घरघर, संवाद जेमतेम. घरोघरी इंटरनेट पोहोचण्याआधीची ही मालिका आज जास्त बोचते. ‘मॉन्स्टर’ (२००४–०५, ७४ भाग) याहून संथ. जर्मनीतला जपानी मेंदूशल्यविशारद तेन्मा, महापौराला सोडून आधी आलेल्या मुलावर शस्त्रक्रिया करतो. तो मुलगा पुढे खुनी निघतो. वाचवले ते चुकले का, हा प्रश्न शेवटपर्यंत मिटत नाही. फुजीने २००५मध्ये रात्री उशिराच्या ॲनिमेसाठी ‘नोइतामिना’ हा खास विभाग काढला. ‘ॲनिमेशन’ची रोमन अक्षरे उलटी वाचली की हे नाव मिळते.

मराठी घरांत ॲनिमे म्हणजे अजूनही ‘कार्टून’. गंमत अशी, की पोरांचा लाडका शिनचॅन १९९०मध्ये मोठ्यांच्या मांगा (जपानी चित्रकथा) साप्ताहिकात जन्मला. आता कित्येक मालिका जपानी प्रसारणापाठोपाठ इथे ऑनलाइन येतात. तिकडचे २५:३० म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे दहा.