वळू उधळतो तो दोरीमुळे नाही

अमेरिकेतल्या बुल रायडिंगचा, म्हणजे उधळत्या वळूवर ८ सेकंद टिकून राहायच्या खेळाचा, व्हिडिओ दिसला की कुणीतरी सांगतंच, ‘वळूचे वृषण दोरीने आवळतात, म्हणून तो उधळतो.’ हे खोटं आहे. ती दोरी मागच्या पायांच्या पुढे, कमरेभोवती बांधतात. फार आवळली तर वळू उसळ्या मारायचंच थांबवतो. उसळी रक्तात असते, त्यासाठी निवडून पैदास करतात. दोरी खुपते, लाथा उंच जातात. हाही त्रासच, हे मला मान्य आहे.

माणसाचा जीव मात्र खरोखर पणाला लागतो. १९८९ साली अमेरिकेतल्या शायेन शहरात लेन फ्रॉस्ट या स्वाराने ८ सेकंद पूर्ण केले, तो उतरला आणि वळूने पाठीत धडक दिली. त्यातच तो गेला, वय अवघं २५. पुढे त्याचा मित्र कोडी लॅम्बर्टने स्वारांसाठी संरक्षक जाकीट बनवलं. तरीही निम्मे गुण वळूच्या उसळीचे असल्याने स्वाराला आडदांडच वळू हवा असतो.